आप्पांना खोली नको, आडोसा हवा

क्रूझ जहाजावर बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांसाठी आत, एसीच्या भागात, वेगळी खोली असावी का? आमच्या घरात हा वाद दिवाळीपासून चालू आहे. एका बाजूला आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्या बाजूला मी. आई दोघांचंही ऐकून घेते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

निमित्त झालं मुंबई-गोवा क्रूझचं. आई-आप्पांनी आयुष्यात मौजेसाठी म्हणून प्रवास केलाच नव्हता. जोतिबा, पंढरपूर, नरसोबाची वाडी, फार तर तिरुपती. म्हणून मी आणि भावानं दोघांना जहाजावर नेलं. आईला फार आवडलं. आप्पांनाही आवडलं, पण त्यांना बिडी लागते, आणि बिडी ओढायची तर वरच्या डेकवर एका टोकाला जायचं. लिफ्टपर्यंत लांबलचक कॉरिडॉर, वर गेल्यावर काचेचं जड दार, दाराबाहेर वारा. आप्पांचे गुडघे दुखतात. एका हातानं कठडा धरायचा आणि दुसऱ्या हातानं बिडी पेटवायची, ते काही जमेना. बसायला खुर्ची नाही, आडोसा नाही. दोन झुरके घेऊन वैतागून खाली आले आणि म्हणाले, "एवढं मोठं जहाज! पोहायला तलाव केलाय, जुगाराला हॉल केलाय, नाटकाला थेटर केलंय. आणि म्हाताऱ्या माणसाला बिडी ओढायला एक खोली करता येईना व्हय ह्यास्नी?"

त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. तंबाखू आमच्या घराला परकी नाही. आमचं मूळ गाव कागलच्या पुढं, निपाणीच्या वाटेवर. आजोबांच्या रानात तंबाखूच होती आणि तिच्याच पैशावर आप्पा कोल्हापुरात शिकायला आले. 1981 साली निपाणीला तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्ता अडवला, पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी मेले. आमच्याकडं त्या दिवसांच्या गोष्टी अजून निघतात. त्यामुळं बिडी ओढणारा माणूस म्हणजे वाईट माणूस, असं मी कधीच म्हणणार नाही. निकोटीनची सवय शरीराला धरून ठेवते, आणि चाळीस वर्षांची सवय दोन रात्रींच्या प्रवासात सोड म्हणणं सोपं असतं, सोडणं नसतं.

तरीही आतली खोली नको, यावर मी ठाम आहे. माझा धंदा हवेचा आहे. तो आप्पांनीच मला शिकवला, म्हणून तर वाद इतका रंगतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पत्र्याचं शेड आहे. फाउंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, डक्ट (हवेच्या पत्र्याच्या नळ्या), हूड (धूर ओढून घेणारी टोपणं), सायक्लोन (हवेतली धूळ वेगळी करणारं यंत्र) आणि ब्लोअरची जोडणी असं काम आम्ही करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आमचं गिऱ्हाईक. भट्टीचा धूर, साचा फोडून ओतीव काढतानाची (नॉकआउटची) धूळ, ओतीव घासून साफ करणाऱ्या (फेटलिंगच्या) ग्राइंडरची बारीक पूड, हे सगळं माणसाच्या नाकात जायच्या आधी ओढून घ्यायचं, एवढंच आमचं काम. आप्पांनी मला शेडमध्ये पहिला धडा दिला तो हाच: धूर जिथं निघतो तिथंच धरायचा. एकदा तो खोलीत पसरला की तुम्ही कितीही अश्वशक्तीची मोटर लावा, मधे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीतून जाऊनच तो बाहेर पडणार.

यामागचं गणित सोपं आहे. फुंकलेली हवा लांब जाते, पण ओढलेली हवा लांबून येत नाही. डक्टच्या उघड्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं अंतर मागं सरलात, की ओढीचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या साधारण 10 टक्क्यांवर येतो. म्हणजे एक फुटाच्या डक्टपासून फूटभर लांब गेलात तर ओढ जवळजवळ संपलीच. म्हणून आम्ही हूड भट्टीच्या अगदी तोंडाशी आणतो आणि ग्राइंडरला तर चाकालाच टोपण बसवतो. आता सिगरेटला हूड कुठं बसवणार? ती माणसाच्या हातात असते. हात हलतो, माणूस हसतो, बोलतो, वळतो. थोडा धूर त्याच्या तोंडातून येतो आणि बराचसा बोटांमधल्या जळत्या टोकातून. खोलीच्या छताला जाळी लावून हा धूर धरता येत नाही, फक्त पातळ करता येतो.

पातळ करायला हवा किती लागते, याचाही हिशेब आमच्या क्षेत्रात झालेला आहे. अमेरिकेत वातानुकूलन आणि वायुवीजनाच्या इंजिनिअरांची अॅश्रे नावाची संस्था आहे. तिची मानकं जगभर वापरतात, आपल्याकडचे कन्सल्टंटही तीच उघडतात. तिच्या 1989 च्या मानकात स्मोकिंग लाउंजसाठी माणशी 60 सीएफएम (म्हणजे मिनिटाला 60 घनफूट) बाहेरची हवा सांगितली होती. ऑफिसला 20 आणि लाउंजला 60, म्हणजे तिप्पट. पुढं याच संस्थेनं भूमिका बदलली. इमारतीच्या आत सिगरेटच्या धुराचा धोका घालवायचा असेल तर आत सिगरेट ओढू न देणं हाच एक उपाय आहे, वायुवीजनानं किंवा हवा गाळण्यानं तो जात नाही, असं तिनं स्पष्ट लिहिलं. पंखे, डक्ट आणि फिल्टर हा ज्यांचा धंदा आहे त्या लोकांनी हे लिहिलंय, याचं मला फार वजन वाटतं. खोल्या बांधल्या असत्या तर माल त्यांचाच खपला असता.

आप्पा म्हणतात, "निगेटिव्ह प्रेशर ठेव की. हॉस्पिटलात ठेवत्यात तसं." बरोबर आहे. खोलीत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवा बाहेर ओढली, की दाराच्या फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. आपल्याकडच्या नियमांतही तेच आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, पण 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, 30 किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना वेगळी जागा ठेवायची मुभा दिली. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत त्या जागेचं वर्णन आहे: चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, ती हवा बाकी इमारतीच्या हवेत मिसळता कामा नये आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. कागदावर हे अगदी चोख आहे.

पण दार उघडलं की तो दाब क्षणात संपतो. पाच-दहा पास्कलचा (पास्कल हे दाबाचं अगदी लहान माप) फरक असतो तो, दाराच्या पल्ल्यानं ढकललेली हवाच त्याहून जोरकस. शिवाय बाहेर पडणारा माणूस आपल्यामागं हवेचा एक लोट ओढत येतो. त्याच्या कपड्यांतून, केसांतून, छातीत उरलेल्या शेवटच्या झुरक्यातून धूर कॉरिडॉरमध्ये येतोच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2012 साली विमानतळांवरची मोजमापं प्रसिद्ध केली होती. अशा खास खोल्या असलेल्या विमानतळांवर खोलीच्या दाराबाहेरचं धुराचं प्रदूषण पूर्ण धूरमुक्त विमानतळांच्या मानानं पाचपट भरलं, आणि खोलीच्या आतलं 23 पट. या काही कुठल्या तरी ढाब्यावरच्या खोल्या नव्हत्या. मोठ्या विमानतळांवरच्या, खर्च करून बांधलेल्या खोल्या होत्या.

फिल्टरचंही तसंच. हेपा फिल्टर बारीक कण धरतो, पण धुरातले वायू त्यातून सरळ निघून जातात. कार्बनचा थर काही वायू शोषतो, भरला की थांबतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्याला दादच देत नाही. सिगरेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी. या सगळ्यांसाठी एकच जाळी मला तरी माहीत नाही.

जमिनीवर जे अवघड, ते जहाजावर दुप्पट अवघड. जहाजाचा एसी प्रत्येक खोलीत सगळीच्या सगळी ताजी हवा आणत नाही. थंड केलेली हवा महाग असते, म्हणून तिचा मोठा भाग पुन्हा फिरवतात. धुराच्या खोलीला पूर्ण वेगळी लाइन टाकायची तर ती वर डेकपर्यंत न्यावी लागते. मधे आग रोखणारे उभे विभाग असतात. आंतरराष्ट्रीय नियमानं जहाज साधारण दर 40 मीटरला अशा भिंतींनी तोडलेलं असतं, आणि त्यातून जाणाऱ्या डक्टला फायर डॅम्पर, म्हणजे आग लागली की डक्ट बंद करणारी झडप, बसवावा लागतो. आणि एवढं करून धूर बाहेर सोडला, तरी त्याच डेकवर ताजी हवा आत घेणारी तोंडंही असतात. इमारत जागची हलत नाही, वाऱ्याची दिशा पाहून एक्झॉस्टचं तोंड ठरवता येतं. जहाज वळतं. सकाळी सोडलेला धूर लांब जातो आणि संध्याकाळी तोच आत येतो.

हे सगळं ऐकून आप्पा मान हलवतात आणि म्हणतात, "बरं, मग आतली हवा वंगाळ राहू दे. ओढणाऱ्यालाच ती हवी असती. दुसऱ्यानं जायचंच कशाला तिथं?"

आमच्या वादातला खरा मुद्दा इथं आहे. दुसरा तिथं जातोच. त्याला जावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा परदेशी जहाजावर कॅसिनोत टेबल सांभाळतो. नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. सुट्टीवर आला की आमच्या शेडवर चहाला येतो. त्याच्या जहाजावर केबिनमध्ये सिगरेटला बंदी, बाल्कनीत बंदी, जेवणाच्या हॉलमध्ये बंदी, पण कॅसिनोत मात्र परवानगी. टेबलाभोवती बसलेले लोक ओढतात आणि तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून पत्ते वाटतो. तिथून हलायचं नाही, तोंड फिरवायचं नाही, हसरा चेहरा ठेवायचा. युनिफॉर्म काढला की केबिनमधल्या सोबत्याला वास सहन होत नाही, म्हणून तो पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवतो. त्यानं आयुष्यात एकही सिगरेट ओढलेली नाही. महिनोन् महिन्यांचा करार असतो, आठवड्याची पक्की सुट्टी असा प्रकार नसतो. सागरी कामगारांसाठीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आठवड्याला 72 तासांपर्यंत काम घेता येतं. आपल्याकडं फाउंड्रीतल्या कामगाराचे आठवड्याचे 48 तास धरून आम्ही धुळीची मर्यादा मोजतो. त्याची मर्यादा कोण मोजतं?

प्रवासी चार दिवसांनी उतरून घरी जातो. वास आवडला नाही तर दुसऱ्या डेकवर जातो. हा मुलगा कुठं जाणार? आणि कॅसिनो सोडून नुसती खोली ठेवली, तरी तिथले अॅशट्रे कुणीतरी रिकामे करणार, गालिचा कुणीतरी झाडणार, काचेवरचा पिवळा थर कुणीतरी पुसणार. तो कुणीतरी बहुतेक वेळा आपल्याकडचा, गोव्याचा, फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा असतो. जहाज बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेलं असतं. तक्रार कुठल्या दारात नेणार?

आपल्या सरकारनं मे 2017 मध्ये त्या 2008 च्या नियमांत एक दुरुस्ती केली. धूम्रपानाच्या जागेत कुठलीही सेवा द्यायची नाही, म्हणजे तिथं चहा नाही, दारू नाही, जेवण नाही. रोख हुक्का पार्लरवर होता, पण मला त्यात वेटरची छाती दिसते. जहाजावरची धुराची खोली तर नेमकी उलट बांधलेली असते: मऊ खुर्च्या, बार, एखादा वाजवणारा, आणि ट्रे घेऊन फिरणारी माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दर वर्षी दहा लाखांहून जास्त माणसं दुसऱ्याच्या धुरानं मरतात. हा आकडा वाचला की माझ्या डोळ्यांसमोर पत्ते वाटणारा तो मुलगाच येतो.

आता आप्पांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो त्यांनी मांडला नाही, मीच त्यांच्या वतीनं मांडते, कारण तो टाळून पुढं जाणं खरं नाही. जागा दिली नाही, तर लोक चोरून ओढतात, आणि समुद्रात चोरून ओढणं म्हणजे आग. 23 मार्च 2006 ला 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडं जात असताना पहाटे बाल्कन्यांना आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागानं शोध घेतला. न विझवता टाकलेली सिगरेट हे सर्वांत संभाव्य कारण निघालं. बाल्कन्यांमधल्या आडभिंती प्लॅस्टिकच्या, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि तिथं आग ओळखणारी किंवा विझवणारी यंत्रणाच नव्हती. कित्येक केबिन जळाल्या आणि एक प्रवासी दगावला. त्यानंतर बाल्कन्यांबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

पूर्ण बंदीचाही प्रयोग होऊन गेलाय. कार्निवल कंपनीनं 1998 साली 'पॅराडाइज' नावाचं जहाज संपूर्ण धूरमुक्त म्हणून पाण्यात उतरवलं. कुणी ओढताना सापडला तर 250 डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात खाली उतरवणं. 2004 मध्ये कंपनीनं हे धोरण सोडून दिलं. ओढणारी मंडळी कॅसिनोत आणि बारमध्ये जास्त खर्च करतात, हा त्यातला मोठा हिशेब होता. त्यामुळं जहाजावर कुणालाच, कुठंच ओढू देऊ नका, असं मी म्हणत नाही. माणूस जहाजावरून उतरून टपरीवर जाऊ शकत नाही. त्याला जागा द्यायलाच हवी.

फक्त ती उघड्यावर द्या, आणि नीट द्या. आज बहुतेक जहाजांवर उघडी जागा म्हणजे डेकच्या कडेला दोन अॅशट्रे आणि एक पाटी. जहाज 18 नॉटनं (ताशी 18 सागरी मैलांनी) चाललं, की वारा नसलेल्या दिवशीही डेकवर ताशी 33 किलोमीटरचा वारा असतो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उभं करायचं आणि वर म्हणायचं, तुमची सोय केलीय. मला याचा राग येतो. आप्पांना वारा लागत होता तेव्हा ते दाराच्या आत सरकत होते आणि त्यांचा धूर सरळ लिफ्टजवळ जात होता. बरोबरीचे दोघेतिघे तेच करत होते. जागा वाईट असली की धूर आत येतो, हे तिथं डोळ्यांना दिसत होतं.

मला जे हवंय ते पत्र्याचं काम करणाऱ्या कुणालाही बांधता येईल. वर छत. वाऱ्याच्या बाजूला छातीच्या वर जाणारी काच किंवा पत्रा. उरलेल्या बाजू उघड्या. इंग्लंडनं 2007 साली धूरमुक्तीचा कायदा आणला तेव्हा छताखालच्या जागेसाठी एक सोपं माप ठरवलं: भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी भाग उघडा असेल तर ती जागा बंदिस्त धरायची, तिथं ओढता येणार नाही. तेच माप जहाजावर घ्या आणि निम्म्याहून बराच जास्त भाग उघडा ठेवा. जागा मागच्या टोकाला, म्हणजे धूर जहाजावरून न जाता मागं समुद्रावर जाईल. ताज्या हवेच्या तोंडांपासून आणि लहान मुलांच्या तलावापासून लांब. पाठ टेकायची बाकं, धरायला कठडे, चाकाची खुर्ची जाईल असं उंबरा नसलेलं दार, लिफ्टच्या जवळ, रात्रभर उघडं आणि रात्रभर दिवा. वाऱ्यानं थोटूक उडणार नाही असे वाळूचे, झाकणाचे अॅशट्रे. तिथं पेय नाही, वेटर नाही. साफसफाई सकाळी, जागा मोकळी असताना. आणि कॅसिनोत सिगरेट पूर्ण बंद. हे शेवटचं सगळ्यात आधी करा.

आणखी एक गोष्ट. जहाजावरच्या दुकानात सिगरेटचे खोके ड्यूटी-फ्री म्हणून रचून ठेवतात. त्याच दुकानात निकोटीनचं च्युइंगगम आणि पट्ट्याही ठेवा, काउंटरवर दिसतील अशा. रात्री दोन वाजता, समुद्र खवळलेला असताना, डेक बंद असताना, आप्पांसारख्या माणसाला त्यानं सकाळपर्यंत काढता येईल. डॉक्टरांना विचारून आम्ही ते घरी आणलंय. आप्पा म्हणतात चव कडू आहे, पण मुंबईला रेल्वेनं जाताना खिशात ठेवतात.

त्यांचं मत अजून पुरतं बदललेलं नाही. परवा शेडवर पुन्हा म्हणाले, "तू काढ बरं ड्रॉइंग त्या आडोशाचं. बघू वारा कसा अडवतीस." मी काढतेय. वाऱ्याच्या बाजूचा पत्रा सरळ उभा ठेवला तर मागं भोवरा होऊन धूर तिथंच घुटमळतो, म्हणून खाली वीतभर फट ठेवलीय आणि वरची कड बाहेर कललेली. आप्पांना फट नको आहे, पायाला गार लागेल म्हणतात. ती फट किती ठेवायची यावर आता आमचं चाललंय. ड्रॉइंग झालं की ज्या कंपनीच्या जहाजानं आम्ही गेलो होतो तिला पत्रासोबत पाठवणार आहे, आणि इतर कुणाला हवं असेल तर त्यांनाही देईन.